वरच्या गटात जाताना

हातातलं काम उरकलं असेल तर बसून ऐका, नसेल तर काम करता करता ऐका. आजची गोष्ट आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या एका रात्रीपासून सुरू होते.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. नेरूळचं डी. वाय. पाटील मैदान. दुपारी पाऊस झाला आणि सामना उशिरा सुरू झाला. बायकांच्या क्रिकेट विश्वचषकाचा तो अंतिम सामना होता, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. भारताच्या मुलींनी २९८ धावा केल्या. शफाली वर्मानं ८७ काढल्या. दीप्ती शर्मानं ५८ काढल्या आणि पुढं पाच गडीही बाद केले. मध्यरात्रीच्या सुमाराला शेवटचा झेल कप्तान हरमनप्रीत कौरनं पळत जाऊन पकडला. समोरचा संघ २४६ वर आटोपला. भारत ५२ धावांनी जिंकला, आणि बायकांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा आपल्याकडं आला. मैदानात चाळीस हजारांच्या आसपास माणसं होती. आमच्यातल्या कुणी मोबाइलवर पाहिलं, कुणी शेजारच्या घरी टीव्हीवर.

दुसऱ्या दिवशी सगळीकडं एकच बोलणं होतं. पोरींचा खेळ आता वरच्या गटात गेला. ते ऐकून आम्ही ठरवलं की हे 'वरच्या गटात जाणं' म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायचं. कारण हा प्रश्न खेळापुरता नाही. आपला बचत गट ग्रामसंघात जातो, ग्रामसंघ प्रभागसंघात जातो, तेव्हाही हाच प्रश्न येतो. वर जाताना हातात काय येतं, आणि हातातलं काय सुटतं?

आधी गट म्हणजे काय ते पाहू. खेळात सगळे संघ एकाच ताकदीचे नसतात, म्हणून त्यांची वर्गवारी करतात. मुंबईत पावसाळ्यात कांगा लीग नावाची क्रिकेट स्पर्धा होते. १९४८ पासून ती चालू आहे. तिथं क्लबांचे 'ए'पासून 'जी'पर्यंत सात गट असतात. खालच्या गटात चांगला खेळला तो संघ पुढच्या वर्षी वर चढतो, वरच्या गटात मागं पडला तो खाली उतरतो. आपल्याकडं कबड्डीच्या स्पर्धांतही प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजांचीही अशी शिडी असते. कॉलेजचा संघ आधी दुसऱ्या कॉलेजांशी खेळतो. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश अशा राज्यांतल्या विद्यापीठांशी खेळतो. तिथं टिकला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा.

पुरुषांसाठी ही शिडी केव्हाच तयार होती. विद्यापीठांतल्या मुलांची क्रिकेट स्पर्धा, रोहिंटन बारिया करंडक, १९३५ पासून होते आहे. मुली मात्र त्या शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरही नव्हत्या. त्यांना आपली शिडी आपणच बांधावी लागली. ती कशी बांधली, ते आता सांगतो.

साल १९७३. लखनऊला महेंद्रकुमार शर्मा नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी मुलींचे सामने भरवले. असं सांगतात की, मुलींचं क्रिकेट होणार आहे, बघायला या, असा पुकारा त्यांनी रिक्षाला भोंगा लावून गावभर केला. त्यांच्याच पुढाकारानं त्या वर्षी भारतीय महिला क्रिकेट संघटना नोंदवली गेली. आणि संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात. संघ किती, तर तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. एवढ्यावरच राष्ट्रीय स्पर्धा म्हटलं. हसू येईल, पण आपला गट सुरू झाला तेव्हा तरी किती जणी होतो? त्याच वर्षाअखेर वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली, तिथं आठ संघ आले. तिसरी कलकत्त्याला झाली, तिथं चौदा.

पुढं विभागवार स्पर्धा आली, तिला राणी झाशीचं नाव दिलं. पंधरा वर्षांखालच्या आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलींसाठी वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या. विद्यापीठांनीही मुलींच्या स्पर्धा चालू केल्या. म्हणजे थोड्या वर्षांत एकेक पायरी बसत गेली. ह्या कामात कराडच्या खासदार प्रेमलाकाकी चव्हाण यांचाही हातभार होता.

आपल्या भागात तेव्हा काय चाललं होतं, तेही ध्यानात घ्या. ठाण्याला जोशी-बेडेकर महाविद्यालय १९६९ साली निघालं. कल्याणचं बिर्ला महाविद्यालय १९७२ सालचं. म्हणजे देशात मुलींचं क्रिकेट उभं राहत होतं, त्याच वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या मुलींच्या हाताशी कॉलेज येत होतं. ह्या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. मुलीला खेळायचं तर तिला घराबाहेर पडायला सबब लागते, बरोबरीच्या दहा जणी लागतात, आणि मैदान लागतं. शाळा-कॉलेजात तिला हे तिन्ही मिळू शकतं. लग्न झाल्यावर बहुतेकींचं यातलं काहीच उरत नाही.

संघटनेकडं पैसा नव्हता. भारताच्या पहिल्या कप्तान शांता रंगास्वामी यांनी त्या दिवसांबद्दल बरंच सांगून ठेवलं आहे. आगगाडीच्या बिनराखीव डब्यातून प्रवास, एका मोठ्या खोलीत सगळ्यांनी जमिनीवर झोपणं, अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं. कसारा-कल्याण लोकलमध्ये भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या मैत्रिणींना हा प्रवास कसा असेल ते समजावून सांगायला नको.

आणि तरी ह्या मुली जिंकत होत्या. १९७६ साली वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला, आणि पाटण्याला भारताच्या बायकांनी आपली पहिली कसोटी जिंकली. कसोटी म्हणजे अनेक दिवस चालणारा मोठा सामना. त्याच वर्षी शांता रंगास्वामी यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली महिला क्रिकेटपटू. १९७८ साली बायकांचा विश्वचषक भारतात झाला आणि भारत त्यात पहिल्यांदा खेळला. मुंबईच्या डायना एडलजी, पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी ही त्याच काळातली नावं. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढं लागतील.

१९८२ साली न्यूझीलंडला विश्वचषक होता. खेळाडूंना सांगितलं गेलं, प्रत्येकी १० हजार रुपये भरा. त्या काळचे दहा हजार! देशासाठी खेळायचं आणि पैसेही आपणच घालायचे. पुढं रेल्वेनं आणि एअर इंडियानं खेळाडू मुलींना नोकऱ्या दिल्या, तेव्हा थोडा आधार आला. डायना एडलजी पश्चिम रेल्वेत होत्या. रेल्वेचा महिला संघ पुढं वर्षानुवर्षं देशात सगळ्यात बलवान राहिला. त्यात गुपित काही नव्हतं. महिन्याला पगार होता, सरावाला वेळ होता, प्रवासाला पास होता. हे तीन आल्यावर खेळ आपोआप वर जातो.

आता थोडं लांब जाऊ. साता समुद्रापलीकडं अमेरिकेत ह्याच वर्षांत कॉलेजच्या मुलींचं काय झालं, ते ऐका. आपल्या गोष्टीला ते फार उपयोगी आहे.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे मोठं प्रस्थ. कॉलेजांच्या खेळाची एक बलाढ्य संघटना आहे. १९७३ साली तिनं कॉलेजांचे तीन गट केले. पहिल्या गटात मोठी, पैसेवाली कॉलेजं, तिथं खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळते. तिसऱ्या गटात छोटी कॉलेजं, तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा नियमच. पण ही संघटना तेव्हा पुरुषांपुरतीच होती. म्हणून शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या बायकांनी १९७१ साली मुलींसाठी आपली स्वतंत्र संघटना काढली. चालवणाऱ्या बायका, शिकवणाऱ्या बायका, खेळणाऱ्या मुली.

तिची पहिली बास्केटबॉलची स्पर्धा झाली १९७२ मध्ये. जिंकलं कोण? फिलाडेल्फिया शहराजवळचं इमॅक्युलाटा नावाचं छोटंसं कॉलेज. ख्रिस्ती सिस्टर चालवायच्या, शिकायला फक्त मुली. त्यांचं खेळाचं सभागृह काही वर्षांपूर्वी जळून गेलं होतं, म्हणून तळघरात सराव करायचा. कॅथी रश ह्या तिथल्या प्रशिक्षक. त्यांना वर्षाचे मिळायचे ४५० डॉलर. स्पर्धा लांब होती, विमानाचं भाडं नव्हतं. मुलींनी दात घासायचे ब्रश विकून पैसे जमवले. तरी पुरले नाहीत. संघात अकरा जणी होत्या, आठच जाऊ शकल्या. त्याही विमानात जागा उरली तर बसायचं अशा तिकिटावर. अंतिम सामन्यात समोर कोण, तर आठवडाभर आधी ज्यांनी त्यांना ३२ गुणांनी हरवलं होतं तोच संघ. ह्या आठ जणींनी त्यांना ५२-४८ असं हरवलं.

एक गंमत सांगतो. इमॅक्युलाटाच्या सामन्यांना ह्या सिस्टर यायच्या त्या लोखंडी बादल्या घेऊन, आणि काठीनं त्या बडवायच्या. आपल्याकडं लग्नात थाळी वाजवतात ना, तसं. सलग तीन वर्षं, १९७२ ते १९७४, हे कॉलेज देशात पहिलं आलं.

मग काय झालं? मुलींच्या खेळात नाव आहे, गर्दी आहे, हे मोठ्या कॉलेजांनी पाहिलं. सरकारनं १९७२ साली कायदाही केला होता की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना डावलता येणार नाही. मोठ्या कॉलेजांनी मुलींना शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली. चांगल्या खेळाडू तिकडं गेल्या. १९८१-८२ मध्ये त्या बलाढ्य संघटनेनं मुलींच्या स्पर्धा स्वतःच सुरू केल्या. संघांचा प्रवासखर्च आम्ही देऊ, म्हणाली. झालं! दात घासायचे ब्रश विकून प्रवास करणाऱ्यांना कुणी भाडं देतो म्हटलं तर कोण नाही म्हणेल? कॉलेजं तिकडं वळली आणि बायकांनी काढलेली संघटना वर्षभरात बंद पडली. इमॅक्युलाटा कॉलेज आज खेळतं तिसऱ्या गटात. ज्यांनी रस्ता केला, ते रस्त्याच्या कडेला राहिले.

पण ह्यात वाईटच झालं असं म्हणू नका. त्या कायद्याच्या आधी अमेरिकेतल्या कॉलेजांत ३० हजारांच्या आसपास मुली खेळत होत्या. आज दोन लाखांहून जास्त खेळतात. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलींची घरं उभी राहिली. हा मोठा लाभ. दुसरी बाजू अशी की, १९७२ साली मुलींच्या दहा संघांपैकी नऊ संघांना बाई शिकवायची. पुढं हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. मुली वाढल्या, पगार वाढले, आणि त्या पगाराच्या खुर्चीवर पुरुष येऊन बसले.

आता परत घरी येऊ. आपल्याकडं हीच घडी आली २००६ साली.

त्याआधी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक झाला. मिताली राजच्या संघानं अंतिम फेरी गाठली. तिथं ऑस्ट्रेलियाकडून हरलो, पण जगात दुसरे आलो. मितालीनं पुढं एका मुलाखतीत सांगितलं की त्या स्पर्धेत एका सामन्याचे एक हजार रुपये मिळाले. आठ सामन्यांचे आठ हजार. जगात दुसऱ्या आलेल्या संघाच्या कप्तानाची ही कमाई.

त्याच वर्षी जागतिक पातळीवर बायकांची क्रिकेट परिषद पुरुषांच्या परिषदेत सामील झाली. २००६ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात सामील झाली. त्या वेळी संघटनेच्या सचिव होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, म्हणजे बिनराखीव डब्याच्या काळातल्याच एक खेळाडू. विचार करा, तेहेतीस वर्षं जे घर चालवलं, त्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात द्यायच्या. पण दुसरा मार्गही नव्हता. मैदानं मंडळाची, पैसा मंडळाचा. आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मुली मुंबई क्रिकेट संघटनेखाली आल्या, पुणे-सांगलीकडच्या महाराष्ट्राच्या, नागपूरच्या विदर्भाच्या.

लगेच काय बदललं? विमानाचं तिकीट आलं, हॉटेल आलं, चांगलं मैदान आलं. अंथरुणाची वळकटी गेली. हे थोडं नाही. पण खेळ वाढला का? २००६ मध्ये भारताच्या बायकांनी इंग्लंडमध्ये कसोटी जिंकली. त्यानंतरची कसोटी खेळायला मिळाली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. मध्ये आठ वर्षं गेली. एकदिवसीय आणि वीस षटकांचे सामने चालू होते, आणि जगभरच बायकांच्या कसोट्या कमी झाल्या होत्या, हे खरं. तरी एका खेळाडूच्या आयुष्यात आठ वर्षं म्हणजे किती? वीसाव्या वर्षी वाट बघायला लागलेली मुलगी अठ्ठावीसची होते. गरिबीच्या संघटनेत असताना भांडण पैशाचं होतं. श्रीमंत मंडळात आल्यावर भांडण वेळापत्रकाचं झालं.

देशातल्या स्पर्धांतही मंडळानं काही वर्षं बायकांच्या राज्य संघांचे दोन गट केले. वरचा 'एलिट' आणि खालचा 'प्लेट'. म्हणजे आता बायकांनाही चढायला-उतरायला पायऱ्या मिळाल्या. तुल्यबळ संघांशी सामने झाले तर खेळ सुधारतो, हा त्याचा फायदा. खालच्या गटातल्या राज्यातली एखादी गुणी मुलगी नजरेआड राहण्याची भीती, हा तोटा.

मग हळूहळू फळं दिसू लागली. २०१५ साली मंडळानं महिला खेळाडूंशी वार्षिक करार सुरू केले, म्हणजे बांधलेला पगार आला. २०१७ साली लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना फक्त ९ धावांनी गेला, पण घराघरांत बायकांनी तो पाहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळानं जाहीर केलं की सामन्याचं मानधन पुरुषांना आणि बायकांना सारखंच मिळेल. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, वीस षटकांच्या सामन्याला ३ लाख. एक हजारावरून सहा लाख, सतरा वर्षांत.

पण मैत्रिणींनो, आकडे नीट वाचायची सवय आपल्याला बचत गटानं लावली आहे, ती इथंही वापरू. सारखं झालं ते सामन्याचं मानधन. वार्षिक करार सारखे झाले नाहीत. २०२४-२५ च्या करारात सगळ्यात वरच्या पुरुष खेळाडूला वर्षाला ७ कोटी होते, आणि सगळ्यात वरच्या महिला खेळाडूला ५० लाख. एका शब्दात 'समान' म्हटलं की पावती फाडून टाकायची नाही, उलटसुलट करून बघायची.

बाकी बदल तर आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच जिल्ह्यात झाले. २०२३ साली बायकांची प्रीमियर लीग सुरू झाली. पाच संघ विकले गेले ४ हजार ६६९ कोटी ९९ लाखांना. तिचा पहिला सामना ४ मार्च २०२३ ला नेरूळच्याच मैदानावर झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथंच भारताच्या बायकांनी इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवलं. बायकांच्या कसोटीत धावांच्या हिशेबानं तोवरचा तो सगळ्यात मोठा विजय. आणि मग २०२५ चा विश्वचषक. आधी नेरूळचं नाव यजमान मैदानांच्या यादीत नव्हतं. बंगळूरचे सामने ऑगस्टमध्ये इकडं हलवले, म्हणून हा मान आपल्या जिल्ह्याला मिळाला. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियानं ३३८ धावा केल्या होत्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ काढून तो डोंगर पार केला. पुढं राज्य सरकारनं जेमिमा, सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटींचं बक्षीस दिलं.

त्या रात्री जिंकल्यावर मुलींनी एक गोष्ट केली, ती आम्हाला कपापेक्षा मोठी वाटली. त्यांनी तो कप नेऊन आधीच्या खेळाडूंच्या, मिताली राज, झूलन गोस्वामी, अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला. ह्या तिघी विश्वचषक न जिंकताच निवृत्त झाल्या होत्या. आधीच्या बायकांनी केलेलं काम पुढच्यांना ठाऊक होतं, हे त्यातून दिसलं.

आता हिशेबाची दुसरी बाजू. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुझुमदार. त्यांनी काम उत्तम केलं, त्याबद्दल दुमत नाही. त्यांच्याआधी सुधा शहा, पूर्णिमा राव यांनीही हे काम केलं होतं. प्रश्न एवढाच विचारायचा की, खेळात पैसा आल्यानंतर त्या जागांपर्यंत किती बायका पोचतील? अमेरिकेत काय झालं ते आपण ऐकलंच. आपल्याकडं मंडळाच्या वरच्या बैठकीत बाई दिसायलाही वेळ लागला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं मंडळाच्या कारभारासाठी समिती नेमली, तिच्यात डायना एडलजी होत्या. २०१९ साली खेळाडूंच्या प्रतिनिधी म्हणून शांता रंगास्वामी मंडळाच्या वरिष्ठ समितीत निवडून आल्या. म्हणजे संघटना सामील झाली २००६ ला, आणि ती घडवणाऱ्या बायकांना टेबलाशी खुर्ची मिळाली अकरा-तेरा वर्षांनी.

ह्या सगळ्यातून आम्हाला जे समजलं ते सांगतो. वरच्या गटात जायला गुण लागतात, हे तर आहेच. पण पाटण्याला जिंकलेल्या मुलींमध्ये गुण कमी नव्हते. इमॅक्युलाटाच्या आठ जणींतही नव्हते. त्यांना कमी पडलं ते भाडं, मैदान आणि वेळ. आणि ज्यांच्याकडं भाडं होतं त्यांनी ते दिलं तेव्हा कारभारही आपल्याकडं घेतला. वर जाणं टाळायचं नाही. टाळलं असतं तर आजही मुली दहा हजार गोळा करत फिरल्या असत्या. फक्त वर जाताना ठरावात लिहून घ्यायचं की कारभारात आमच्या किती जणी असतील, आणि वर्षाला किती काम, किती सामने नक्की मिळतील. आपला गट मोठ्या संघात किंवा कंपनीत जाईल तेव्हाही अंगठा उठवायच्या आधी हेच दोन प्रश्न विचारायचे.

आणि घरात खेळणारी मुलगी असेल तर? शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या कितीतरी मुली कॉलेजला कल्याण-ठाण्याला जातात. क्रिकेट असो, कबड्डी असो, खो-खो असो, कॉलेजच्या संघाची निवड बहुधा वर्षाच्या सुरुवातीलाच होते. म्हणून प्रवेश घेतल्याबरोबर क्रीडा शिक्षकांना भेटायला सांगा. जन्मदाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र एका पिशवीत तयार ठेवा, कारण विद्यापीठाच्या स्पर्धेला पात्रतेचे कागद लागतात आणि कागदावाचून चांगली मुलगी बाहेर बसते. स्पर्धेमुळं तास बुडाले तर हजेरीसाठी कॉलेजकडून पत्र मागून घ्या. आणि संध्याकाळी उशीर झाला तर तिला स्टेशनवर आणायला कोण जाणार, ते आधी ठरवा. बहुतेक मुलींचा खेळ मैदानावर संपत नाही, स्टेशन ते घर ह्या वाटेवर संपतो.

पुढच्या बैठकीत एक काम करा. वर्गणी घेऊन झाली की प्रत्येकीनं सांगायचं, आपण लहानपणी कोणता खेळ खेळायचो आणि तो कधी सुटला. कुणामुळं सुटला तेही सांगायचं, राग न धरता. मग ठरवायचं की गावातल्या एका मुलीचं ह्या वर्षाचं भाडं आपला गट देऊ शकतो का. पुण्याला १९७३ साली तीन संघांवर राष्ट्रीय स्पर्धा झाली होती. आपणही एका मुलीपासून सुरुवात करायला हरकत नाही.

काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमच्या गावांतल्या खेळांच्या आठवणी ऐकू.